नियम पाठ होते, वाक्य निसटत होतं

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. अभियांत्रिकीची पदवी, चार वर्षं नोकरी, गणित पक्कं. जीमॅट म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी इंग्रजीत द्यायची परीक्षा. तिची तयारी तिने पाच महिने एकटीने केली होती आणि तिच्या मते सगळं घोडं एकाच जागी अडलं होतं: सेंटेन्स करेक्शन, म्हणजे इंग्रजी वाक्यातली चूक ओळखून योग्य पर्याय निवडणं. सोबत एक जाडजूड वही होती. तीत व्याकरणाचे एकशे बारा नियम क्रमांक घालून लिहिलेले, अपवाद लाल शाईत. मी मधलाच एखादा क्रमांक विचारला तरी ती नियम घडाघडा म्हणून दाखवायची. आणि तरीही सरावातल्या दर दहा वाक्यांत चार-पाच चुकायची.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण अशी वही घेऊन येणारी ती पहिली नव्हती. मराठीत विचार करणाऱ्या आणि इंग्रजीत परीक्षा देणाऱ्या पुष्कळांचं दुखणं हेच असतं. त्याचा उतारा बहुतेकांनी शाळेतच शिकलेला असतो, फक्त तो मराठीच्या पुस्तकात शिकलेला असल्यामुळे इंग्रजीच्या वेळी आठवत नाही. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

परीक्षा काय मागत होती

तेव्हाच्या जीमॅटच्या व्हर्बल, म्हणजे भाषेच्या, विभागात ६५ मिनिटांत ३६ प्रश्न असत आणि त्यांतला साधारण तिसरा हिस्सा सेंटेन्स करेक्शनचा. एक लांबलचक वाक्य, त्याचा काही भाग अधोरेखित, खाली पाच पर्याय. पहिला पर्याय म्हणजे मूळ वाक्य जसंच्या तसं. उत्तर दिलं की मागे फिरता येत नसे. उताऱ्यांसाठी वेळ शिल्लक ठेवायचा तर असं वाक्य दीड मिनिटाच्या आत हातावेगळं व्हायला हवं.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या प्रश्नात स्पेलिंग तपासलं जात नसे आणि आर्टिकलवर बेतलेला प्रश्न क्वचितच सापडे. तिच्या वहीतली पंधरा पानं मात्र ‘अ, अ‍ॅन, द’वर खर्ची पडलेली. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ते आपल्याला कायम परकं वाटतं, आणि ज्याची धास्ती जास्त तेच आपण जास्त घोकतो. तिला जे खरोखर अडत होतं त्याला त्या वहीत क्रमांकच नव्हता.

पहिले तीन आठवडे

ते मी वाया घालवले, हे लिहायलाच हवं. तिच्या नियमांची मी विषयवार मांडणी करून दिली, प्रत्येक विषयाचे वीस-वीस प्रश्न दिले. एका विषयाचे प्रश्न सलग सोडवताना ती सुरेख चालायची. सर्वनामांच्या वीस प्रश्नांत अठरा बरोबर. मला वाटलं, गाडी रुळावर आली. मग सरमिसळ प्रश्नांचा संच दिला आणि ती पुन्हा निम्म्यावर आली. कारण उघड होतं. ‘आज सर्वनामं’ असं वर लिहिलेलं असलं की वाक्यात काय शोधायचं ते आधीच सांगितलेलं असतं. परीक्षेत तेच कोणी सांगत नाही.

तेव्हा मी नवे प्रश्न देणं थांबवलं आणि तिच्या आधीच्या चुका मागवल्या. साठ चुकलेली वाक्यं आम्ही दोघींनी समोर ठेवली. प्रत्येकात नेमका कोणता नियम लागतो हे मी सांगायचं आणि तो तिला त्या दिवशी माहीत होता का, हे तिने प्रामाणिकपणे लिहायचं. साठपैकी सत्तेचाळीस ठिकाणी तिने ‘माहीत होता’ असं लिहिलं. नियम येत होता, पण समोरच्या वाक्यात त्याची जागा दिसत नव्हती.

एक वाक्य जवळून

या सत्तेचाळिसांतलं एक मी तिला मोठ्याने वाचायला लावलं. परीक्षेतलं नव्हे, मीच बेतलेलं: ‘द इम्पॅक्ट ऑफ द न्यू सेफ्टी रूल्स ऑन स्मॉल मॅन्युफॅक्चरर्स, हू ऑफन लॅक द फंड्स टु अपग्रेड देअर मशिन्स, हॅव बीन सिव्हिअर.’

तिने वाचलं, क्षणभर थांबली, म्हणाली, “बरोबर वाटतंय, मॅडम.”

“बरं, आता हेच मराठीत सांग. जसं एखाद्या मैत्रिणीला सांगशील तसं.”

ती सांगू लागली. “सुरक्षेचे नवे नियम... लहान उत्पादक... त्यांच्याकडे यंत्रं सुधारायला पैसे नसतात...” आणि अडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “सगळे शब्द कळले, पण सिव्हिअर नेमकं काय आहे? नियम, यंत्रं की परिणाम?”

त्या प्रश्नात सगळं प्रकरण होतं. एवढा वेळ ती व्याकरण तपासत होती ते कानाने. ‘मशिन्स’ अनेकवचनी, त्याला लागूनच ‘हॅव’, कानाला खटकलं नाही. ‘इम्पॅक्ट’ तोवर फार मागे राहिला होता.

कान असा का फसतो, यावर माझं एक निरीक्षण आहे. याला संशोधन म्हणू नये, वर्गात वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे इतकंच. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि भूतकाळात कर्म असलं की ते बहुधा कर्त्याकडे बघत नाही, शेजारच्या कर्माकडे बघतं. तिने निबंध लिहिला. तिने चिठ्ठी लिहिली. तिने पत्र लिहिलं. लिहिणारी तीच, पण क्रियापद तीन वेळा बदललं. हाच आपला कर्मणी प्रयोग. लहानपणापासून आपला कान शिकलेला असतो की क्रियापदाचं रूप त्याच्या लगतच्या नामावर बेतायचं. इंग्रजीत ही सवय घात करते, कारण तिथे क्रियापद फक्त कर्त्याचं ऐकतं, मग तो पंधरा शब्द मागे का असेना. परीक्षा बनवणारे नेमकं हेच अंतर वाढवत नेतात.

मी तिला विचारलं, “शाळेत वाक्यपृथक्करण केलं होतंस?”

“हो, तक्ता आखून. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, विधेय, विधेयविस्तार. पैकीच्या पैकी मिळायचे.”

“मग हे वाक्य त्या तक्त्यात टाक.”

तिने टाकलं. उद्देश्याच्या खान्यात ‘इम्पॅक्ट’, विधेयाच्या खान्यात ‘हॅव बीन सिव्हिअर’, उरलेलं सगळं उद्देश्यविस्तारात. दोन खाने शेजारी शेजारी आले आणि चूक तिला दिसली: ‘इम्पॅक्ट’ एकवचनी, त्याला ‘हॅज’ हवं. मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

मराठीचे तीन आधार

पुढचे आठ आठवडे आम्ही एकच काम केलं. रोज बारा वाक्यं, वेळेचं बंधन नाही. आधी तक्ता, मग वाक्य मराठीत सांगायचं, आणि पर्याय पाहायचे ते त्यानंतर. पहिल्या आठवड्यात एका वाक्याला सहा-सात मिनिटं लागत. ती वैतागायची. साहजिक होतं, दीड मिनिटात उरकायचं ते काम. पण मी घाई करू दिली नाही. चौथ्या आठवड्यानंतर तक्ता कागदावरून डोक्यात गेला आणि वेळ आपोआप उतरत गेला.

या काळात तिच्या चुका वारंवार तीन जागी सापडू लागल्या आणि तिन्ही जागी मराठीच उपयोगी पडली.

पहिली जागा म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला येणारा लोंबता भाग. ‘ओपनिंग द विंडो, कोल्ड एअर केम इन.’ तिला हे बिनचूक वाटायचं, कारण मराठीत ‘खिडकी उघडताच गार वारा आत आला’ हे वाक्य अगदी सरळ आहे. ‘-ताच’ आणि ‘-ताना’ लावलेल्या क्रियेचा कर्ता वेगळा असला तरी मराठीला चालतो. मी जेवताना फोन वाजला, यात फोन जेवत नव्हता हे कुणाला सांगावं लागत नाही. पण मराठीतच दुसरा एक प्रत्यय आहे जो इतका सैल नाही: ‘-ऊन’. ‘खिडकी उघडून गार वारा आत आला’ म्हणून पाहा. आता खिडकी वाऱ्यानेच उघडली! ‘-ऊन’ला दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो आणि इंग्रजीतल्या सुरुवातीच्या ‘-इंग’लाही तेच लागतं. म्हणून आम्ही ठरवलं: अशी सुरुवात दिसली की मराठीत ‘-ऊन’ लावून वाचायचं, ‘-ताच’ लावून नाही. कानाला खटकलं तर लोंबता भाग सापडला. ज्या कानाने तिला इतके दिवस फसवलं, त्याच कानाला योग्य प्रत्यय दिल्यावर तो तिच्या बाजूने झाला, याचा मला फार आनंद झाला होता.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगते. ‘आफ्टर स्टडिइंग द रिझल्ट्स, द प्राइस वॉज लोअर्ड’ हे इंग्रजीत चूक, कारण निकालांचा अभ्यास किमतीने केलेला नाही. पण ‘निकाल अभ्यासून किंमत कमी करण्यात आली’ हे मराठीत खपून जातं. ‘करण्यात आली’च्या मागे करणारा कुणीतरी आहे हे आपण गृहीत धरतो. या कर्मणी ढंगाच्या वाक्यांत ती सलग चार वेळा फसली. मग अशा वाक्यापुरता वेगळा प्रश्न ठेवला: स्वल्पविरामानंतर जे पहिलं नाम आलंय, त्याने ही क्रिया केली का?

दुसरी जागा ‘हॅड’ची. ती बोलतानाही ‘आय हॅड मेट हिम यस्टर्डे’ म्हणायची. मराठीत ‘मी त्याला काल भेटले होते’ हे रोजचं वाक्य आहे, त्यात ‘होते’ असलं तरी आधीचं-नंतरचं असं काही सांगायचं नसतं. इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र दोन भूतकाळांतला जो आधीचा, त्याच्यासाठी राखलेला असतो. दुसरी घटना वाक्यात किंवा संदर्भात नसेल तर ‘हॅड’ला तिथे काम नाही. तिने वहीत नियम लिहिला होता, पण ‘भेटले होते’चं भाषांतर डोक्यात आपसूक होत होतं आणि ते थांबवायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर ‘हॅड’ दिसला की ती विचारायची, “कशाच्या आधी?” उत्तर सापडलं नाही की तो पर्याय बाद.

तिसरी जागा तिला सगळ्यांत अवघड वाटे आणि सगळ्यांत लवकर सुटली. ‘द बोर्ड रेकमेंडेड दॅट द रिपोर्ट बी सेंट इमीजिएटली.’ इथे ‘इज’ नाही, ‘वॉज’ नाही, नुसता ‘बी’ कसा, हे तिला पटतच नव्हतं. वहीत याचे सहा उपनियम होते. मी तिला वाक्य मराठीत सांगायला लावलं. “मंडळाने शिफारस केली की अहवाल ताबडतोब पाठवावा.” पाठवावा! शाळेतला विध्यर्थ. पाठवला नाही, पाठवतात असंही नाही. पाठवला जावा अशी इच्छा किंवा सूचना. शिफारस, मागणी, आग्रह अशा क्रियापदांनंतर मराठीत जिथे ‘-वा, -वी, -वं’ येतं, तिथे इंग्रजीत क्रियापद मूळ रूपात उघडं राहतं. सहा उपनियमांवर तिने रेघ मारली आणि समासात फक्त ‘पाठवावा’ लिहिलं.

तुलनेची वाक्यं मात्र मराठीने सोपी केली नाहीत, उलट अडवली. ‘नव्या मॉडेलची विक्री जुन्या मॉडेलपेक्षा जास्त आहे’ असं आपण बिनदिक्कत बोलतो. इंग्रजीत मात्र विक्रीची तुलना विक्रीशीच व्हायला हवी, मॉडेलशी नाही. तिथे ‘दॅट ऑफ’ किंवा ‘दोज ऑफ’ लागतं. इथे कान बाजूला ठेवून तक्ताच वापरायचा, असं आम्ही ठरवलं. ठरावीक क्रियापदानंतर ठरावीक शब्दयोगी शब्द लागणारे इंग्रजी वाक्प्रचार तर शेवटपर्यंत कच्चेच राहिले. ते वाचनातूनच मुरतात, आणि आठ आठवड्यांत वाचन किती होणार?

परीक्षाच बदलली

या सगळ्यावर एक टांगती तलवार होती. ७ नोव्हेंबर २०२३ पासून जीमॅटची नवी आवृत्ती सुरू झाली. सव्वादोन तासांची परीक्षा, ४५-४५ मिनिटांचे तीन विभाग. व्हर्बलमध्ये २३ प्रश्न, त्यांत फक्त रीडिंग कॉम्प्रिहेन्शन (उतारे वाचून प्रश्न) आणि क्रिटिकल रीझनिंग (छोट्या युक्तिवादांची पारख). निबंध गेला आणि सेंटेन्स करेक्शनही गेलं. जुनी आवृत्ती ३१ जानेवारी २०२४ पर्यंत देता येणार होती.

डिसेंबरच्या मध्याला निर्णय घ्यायची वेळ आली. तोवर सरमिसळ संचात तिची दहातली आठ वाक्यं बरोबर येत होती. जुनी परीक्षा दिली तर कमावलेलं थेट गुणांत उतरणार होतं. पण दोन प्रयत्नांत १६ दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दिली नाही तर जुन्या आवृत्तीत दुसरी संधीच नव्हती, आणि तिच्या नोकरीत वर्षअखेरीचा बोजा होता. उलट नव्या परीक्षेतला तक्ते-आलेखांवरचा डेटा इन्साइट्स विभाग एकूण गुणांत धरला जातो. जुन्या परीक्षेतल्या तशाच इंटिग्रेटेड रीझनिंग विभागाचे गुण २०० ते ८०० च्या एकूण आकड्यात येतच नसत. तक्ते आणि आलेख हा तर तिच्या रोजच्या कामाचा भाग.

“मग इतके दिवस व्याकरण केलं ते पाण्यात गेलं का, मॅडम?” तिने विचारलं. डोळे भरून आले होते तिचे.

मी आश्वासन दिलं नाही. दोन्ही आवृत्त्यांची एकेक अधिकृत सराव परीक्षा घरी पूर्ण वेळ लावून दे, मग बोलू, एवढंच म्हटलं. नव्या आवृत्तीच्या सराव परीक्षेत व्हर्बलला तिला ७७ मिळाले. या विभागाची पट्टी ६० ते ९० अशी असते. आकडा फार मोठा नव्हता. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते तिच्या चुकांचं स्वरूप. क्रिटिकल रीझनिंगच्या छोट्या परिच्छेदांत ती पूर्वी ज्या लांब वाक्यांवर घसरायची, ती आता तिला नीट कळत होती. चुका होत्या त्या पर्यायांची तुलना करताना, वाक्य समजण्यात नव्हे. याउलट जुन्या सराव परीक्षेत वाक्यं चांगली सुटली, पण उतारे वेळेअभावी राहिले. तिने नवी आवृत्ती निवडली, माझंही मत तेच होतं.

त्यानंतर आम्ही सेंटेन्स करेक्शनचा एकही प्रश्न सोडवला नाही, पण तक्ता सोडला नाही. आता तो प्रत्येक युक्तिवादाच्या निष्कर्षाच्या वाक्याला लावायचा: कोणाबद्दल बोललंय, काय म्हटलंय, आणि विस्तारात कोणती अट लपलीय? फेब्रुवारीत तिने परीक्षा दिली. व्हर्बलला ८३ मिळाले. हे श्रेय एकट्या व्याकरणाला देता येणार नाही. जानेवारीभर तिने रोज उतारेही वाचले होते आणि परीक्षेच्या वेळेचं गणितही बसवलं होतं. नव्या परीक्षेत विभाग संपताना तीन उत्तरांपर्यंत बदल करता येतात, त्या सवलतीचाही तिने उपयोग केला. पण वाक्य कळण्याचा भाग व्याकरणातून आला, याबद्दल तिच्या किंवा माझ्या मनात शंका नाही.

जानेवारीतल्या एका सरावाचा कागद मी जपून ठेवला आहे. प्रश्न असा बेतलेला होता: एका कंपनीने काही कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, वर्षभरात त्यांचं काम इतरांपेक्षा सुधारलं, म्हणजे प्रशिक्षणामुळे काम सुधारतं. या युक्तिवादातली उणीव कोणती? मधल्या एका वाक्यात ओझरतं म्हटलं होतं, ‘ट्रेनिंग वॉज ऑफर्ड ओन्ली टु एम्प्लॉइज हू हॅड रिक्वेस्टेड इट.’ पूर्वी ती हे वाक्य तपशील म्हणून ओलांडून गेली असती. या वेळी तिने ‘ओन्ली’पाशी थांबून विचार केला की मराठीत ‘च’ कुठे लागेल. प्रशिक्षणच दिलं, की मागणाऱ्यांनाच दिलं? ‘च’ ज्याला चिकटतो, मर्यादा त्याच्यावर असते. आणि मागणाऱ्यांनाच दिलं असेल तर ती माणसं मुळातच उत्साही असणार. मग सुधारणा प्रशिक्षणाची की त्यांच्या स्वभावाची? तिचं उत्तर बरोबर आलं, सव्वा मिनिटात. त्या कच्च्या कागदावर प्रश्नाच्या क्रमांकापुढे एकच शब्द आहे, ‘मागणाऱ्यांनाच’, आणि त्यातल्या ‘च’भोवती पेनाने दोनदा गोल केलेला आहे.